अक्षराचे गिऱ्हाईक



शिंप्याकडे सदरा शिवायला टाकला आणि तो पहिल्यांदा अंगात घालून पाहिला, की आपण काय म्हणतो? 'काखेत आवळतोय,' एवढेच म्हणतो. कापड कुठे कमी पडले, शिवण किती उसवायची, हे काही आपण सांगत नाही. ते आपल्याला कळतही नाही. कुठे आवळते ते गिऱ्हाइकाला ठाऊक, का आवळते ते शिंप्याला ठाऊक. दोघांनी आपापले ठाऊक असलेले सांगितले, तर सदरा अंगाला बसतो. शिंपी म्हणाला, 'तुमचे अंगच बेढब,' किंवा गिऱ्हाइकानेच कात्री हातात घेतली, तर चांगले कापड फुकट जाते.

आज मला बोलायचे आहे ते मात्र सदऱ्याविषयी नव्हे, छापील अक्षराविषयी. शाळेतला तक्ता घ्या, सोसायटीची पावती घ्या, औषधाच्या बाटलीवरचा कागद घ्या. त्यावरच्या अक्षराचे वळण, त्याची जाडी, दोन ओळींमधली जागा हे सारे कोणीतरी बसून ठरवलेले असते. या कामाला अक्षररचना म्हणतात. ते ठरवणारा बहुधा शहरात असतो आणि वाचणारा असतो गावात. या वाचणाऱ्याचे गाऱ्हाणे त्या ठरवणाऱ्याने कसे ऐकावे, हा आजचा विषय. मी वीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवतो; पण हा धडा मला शिकवला तो कपाशीच्या गावातल्या एका शेतकरी गटाने.

आपल्याला आठवत असेल, २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याला कारणे अनेक होती. नुसते वाचण्यातल्या चुकीने ते घडले, असे कोणी म्हणणार नाही. पण त्यानंतर गावोगाव लोक सावध झाले. पुढच्याच वर्षी आमच्या भागातल्या एका गटाची माणसे माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, फवारणीचा एक तक्ता करून द्या. कोणतं औषध, दहा लिटर पाण्याला किती, हे भिंतीवर दिसलं पाहिजे." औषधांची नावे आणि प्रमाण कृषी अधिकाऱ्यांनी तपासून दिले होते. माझा एक जुना विद्यार्थी तालुक्याला छापखाना चालवतो. मी आणि तो कामाला लागलो.

पहिला तक्ता आम्ही मोठ्या हौसेने केला. संगणकातले एक वळणदार, लफ्फेदार अक्षर निवडले. कडेला कपाशीच्या बोंडांची वेलबुट्टी काढली. वर गटाचे नाव ठसठशीत घातले. पाऊसपाण्याने खराब होऊ नये म्हणून वरून चकचकीत प्लास्टिक चढवले. गटाच्या बैठकीत तो उलगडला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारले, "कसा वाटला?" सगळे म्हणाले, "झकास आहे जी."

आता शिक्षक मंडळींना मी काय सांगावे! वर्गात आपण विचारतो, 'समजलं का?' आणि साठ मुले एका सुरात म्हणतात, 'हो सर.' त्या होकाराला किती किंमत असते ते आपण परीक्षेत पाहतो. तरीसुद्धा मी त्या दिवशी तोच प्रश्न विचारला, आणि तोच होकार घेऊन घरी आलो.

पंधरा दिवसांनी निरोप आला, "अक्षर मोठं करा."

आम्ही अक्षर मोठे केले. कागद तेवढाच, औषधे तेवढीच. तेव्हा अक्षर वाढले तसे ओळींमधले अंतर आपोआप घटले. पुन्हा निरोप आला, "अजून मोठं करा, आणि जरा गडद करा." मला थोडा रागच आला. मनात म्हटले, आता याहून मोठे करायचे म्हणजे तक्ता भिंतीएवढा करायचा की काय! विद्यार्थी म्हणाला, "सर, आपण जाऊन बघू या." हे त्याला सुचले, मला सुचले नाही, हे इथे कबूल केले पाहिजे.

गटाचे गोदाम म्हणजे पत्र्याची एक खोली. दार एक, खिडकी नाही. दारासमोरच्या भिंतीवर आमचा तक्ता. दारातून येणारे ऊन नेमके त्या चकचकीत प्लास्टिकवर पडत होते आणि तक्ता आरशासारखा चमकत होता. 'गडद करा' या मागणीचा अर्थ तिथे कळला. शाई फिकी नव्हतीच. उजेडाच्या झळाळीने अक्षरे दिसत नव्हती. त्याला काळी शाई हे औषध नव्हते. प्लास्टिक काढणे आणि तक्ता बाजूच्या भिंतीवर टांगणे, हे औषध होते.

मग मी 'कसा वाटला' हे विचारणे सोडून दिले. बादलीभर साधे पाणी आणवले, मापाचा पेला आणवला, आणि गटातल्या एका पन्नाशीच्या गृहस्थांना म्हटले, "भाऊ, हे पाणी म्हणजे औषध समजा. तक्त्यावरचं तिसरं औषध वाचा आणि माप घेऊन दाखवा."

त्यांनी तिसऱ्या औषधाचे नाव बरोबर वाचले. नावावरून नजर उजवीकडे आकड्याकडे नेली. क्षणभर डोळे बारीक केले आणि म्हणाले, "पंच्याण्णव." आणि पेला जवळजवळ काठोकाठ भरला.

तक्त्यावर होते १५.

खोलीत कोणी बोलले नाही. पेल्यात पाणी होते, म्हणून बरे. आम्ही हौसेने निवडलेल्या त्या लफ्फेदार अक्षरात एकाचे डोके इतके गोल होते आणि शेपटी इतकी वळलेली होती, की अंधुक उजेडात एक आणि नऊ सख्खे भाऊ दिसत. बैठकीत ज्या वळणाला टाळ्या मिळाल्या, त्याच वळणाने पंधराचे पंच्याण्णव केले. दुसऱ्या एका गृहस्थांची नजर ओळ चुकून खालच्या औषधाच्या मापावर गेली. नाव एका ओळीतले, माप दुसऱ्या ओळीतले! कारण अक्षर मोठे करण्याच्या नादात आम्ही ओळी एकमेकींना खेटून बसवल्या होत्या. 'मोठं करा' या मागणीखालचे खरे दुखणे हे होते. ओळीवर नजर टिकत नव्हती, म्हणून त्यांना वाटत होते की अक्षर लहान आहे. आणि आम्ही जसजसे मोठे करत गेलो, तसतसे दुखणे वाढवत गेलो.

एका औषधाचे प्रमाण दीड ग्रॅम होते. आम्ही छापले होते १.५. एका म्हाताऱ्या बाबांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवले आणि विचारले, "सर, हा ठिपका तुम्ही छापला की माशीनं काढला?" सगळे हसले, मीही हसलो. पण बाबांचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. गोदामातल्या भिंतीवर माशीचे ठिपके काय कमी असतात? एक ठिपका पुसला गेला तर दीडाचे पंधरा होतात, आणि नको तिथे एक पडला तर पंधराचे दीड.

कोपऱ्यात एक काकू उभ्या होत्या. फवारणीचे पाणी कालवण्याचे काम बहुतेक वेळा त्याच करत. त्या म्हणाल्या, "आम्हांला मिलिलिटर कुठं समजते? किती झाकणं टाकायची ते लिहा ना."

आता इथे मोठा पेच होता. काकूंचे गाऱ्हाणे सोळा आणे खरे होते. पण त्यांनी सुचवलेला उपाय धोक्याचा होता, कारण प्रत्येक बाटलीचे झाकण वेगळ्या मापाचे. एका बाटलीची तीन झाकणे आणि दुसरीची तीन झाकणे यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. काकूंना 'तुमचे चुकते' म्हणून गप्प बसवले असते, तर गाऱ्हाणे तसेच राहिले असते. त्यांचे ऐकून झाकणे छापली असती, तर धोका वाढला असता. विद्यार्थ्याने मधला मार्ग काढला. गोदामात जो मापाचा पेला होता, त्याचेच चित्र प्रत्येक औषधापुढे काढायचे, आणि पेला कुठवर भरायचा ती रेघ चित्रात दाखवायची. काकू म्हणाल्या, "आता कसं! हे मले समजते."

तिसरा तक्ता असा झाला. अक्षर साधे, सरळ आणि उघड्या तोंडाचे. आकार दुसऱ्या तक्त्यापेक्षा थोडा लहानच, हे लक्षात घ्या. पण ओळींमध्ये भरपूर मोकळी जागा, आणि एक ओळ सोडून एक फिकट पट्टा, म्हणजे नजर रुळावरून घसरायची नाही. प्रत्येक माप आकड्यात आणि शेजारी अक्षरात : १५, पंधरा. दशांशाचा ठिपका हद्दपार. 'दीड' हा आपला जुना शब्द त्याच्या जागी बसला. आणि पुढे पेल्याचे चित्र.

गटातल्या काहींनी आग्रह धरला होता, की विषारी औषधांची नावे लाल अक्षरांत छापा. अंधुक जागेत लाल अक्षर काळ्याइतके उठून दिसत नाही. पण या आग्रहातही अर्थ होता. कोणते औषध किती जहाल, हे त्यांना एका नजरेत हवे होते. औषधाच्या बाटलीवर तिरप्या चौकोनाची एक खूण असते. तिचा खालचा अर्धा भाग सर्वांत जहाल विषाला लाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा असतो. आम्ही तीच खूण नावाआधी छापली. बाटलीवरची खूण आणि तक्त्यावरची खूण जुळली पाहिजे, हे लहान पोरालाही सांगता येते. अक्षर काळेच ठेवले. वेलबुट्टी गेली. गटाचे नाव खाली गेले, यावर अध्यक्ष थोडे नाराज झाले. पण औषध वर आणि आपण खाली, हे त्यांनी शेवटी मान्य केले. आणि तळाला एक ओळ घातली, की बाटलीवरचा कागद वाचल्याशिवाय झाकण उघडू नये.

पुन्हा पाणी, पुन्हा पेला. या वेळी सात जणांनी वाचले आणि सातही मापे बरोबर आली.

मंडळी, आपल्याला वाटेल, हे खेड्यातले लहानसे काम. मोठ्या जगात असे थोडेच चालते? पण तिथेही हेच चालते. अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो. तिथल्या त्या काळच्या सर्वांत मोठ्या टेलिफोन कंपनीच्या जाडजूड डिरेक्टऱ्या १९३८ पासून बेल गॉथिक नावाच्या अक्षरात छापल्या जात. पुढे छपाईची रीत बदलली. शिशाचे खिळे गेले, छायाजुळणी आली, यंत्रे भरधाव धावू लागली. कागद हलका, अक्षर बारीक. परिणाम असा, की छापलेली अक्षरे कुठे तुटू लागली, कुठे शाईने भरू लागली. टेलिफोनच्या आकड्यात एक चूक म्हणजे भलत्याच घरची घंटा! कंपनीने १९७० नंतरच्या काळात मॅथ्यू कार्टर या अक्षररचनाकाराकडे नवे अक्षर मागितले. अट अशी, की अक्षर स्पष्ट हवे, पण कागद वाढता कामा नये. उलट वाचला तर बरे.

कार्टरने काय केले? शेतकऱ्याला ते चटकन समजेल. बांधाच्या कोपऱ्यात पाणी तुंबते, तशी अक्षराच्या दोन रेघा जिथे मिळतात त्या सांध्यात शाई तुंबते. म्हणून त्याने प्रत्येक सांध्यात आधीच एक खाच ठेवली. शाई पसरली की ती खाच भरते आणि अक्षर नेमके उमटते. हे अक्षर मोठे करून पाहिले, तर उंदराने कुरतडल्यासारखे दिसते. पण ते मोठे करून पाहण्यासाठी नव्हतेच. ते होते बारीक छपाईसाठी, हलक्या कागदासाठी आणि धावत्या यंत्रासाठी. शिवाय नाव आणि नंबर यांना एक वळण, पत्त्याला दुसरे, अशी ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे अक्षरे वेगळी केली. ते १९७८ साली तयार झाले, आणि शंभरीची आठवण म्हणून त्याचे नाव ठेवले बेल सेंटेनियल. २०११ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने ते आपल्या संग्रहात घेतले. कुरतडल्यासारखे दिसणारे अक्षर शेवटी कलेच्या घरात जाऊन बसले!

कंपनी काही म्हणाली नव्हती, की सांध्यात खाचा पाडा. कंपनीने दुखणे सांगितले. औषध कार्टरने शोधले.

आता याची उलटी बाजूही पाहू, आणि ती आपल्याच देवनागरीची आहे. १९५३ साली लखनौला देवनागरी लिपीच्या सुधारणेसाठी परिषद भरली. तिथे एक सुधारणा अशी ठरली, की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डाव्या बाजूला न काढता, दीर्घ वेलांटीप्रमाणेच उजव्या बाजूला काढावी. फक्त तिचा दंड आखूड ठेवावा. जुळणीच्या आणि टंकलेखनाच्या सोयीने पाहिले, तर विचार चुकीचा नव्हता. पण वाचणाऱ्याच्या डोळ्याला ऱ्हस्व कोणती आणि दीर्घ कोणती, हे एका आखूड दंडावरून ओळखायचे! लोकांनी ते मानले नाही. १९५७ साली ती सुधारणा मागे घ्यावी लागली.

त्याच परिषदेने 'ख'चेही रूप बदलले. जुना ख म्हणजे शेजारी शेजारी उभे असलेले र आणि व. 'खाना' लिहिले की कोणी 'रवाना' वाची. त्या दोन भागांना खाली जोडून टाकले आणि घोटाळा मिटला. तो ख आजही आपण लिहितो आणि वाचतो. एकाच परिषदेच्या दोन सुधारणा. एक टिकली आणि एक गेली. मला त्याचे कारण असे दिसते, की वेलांटीचे गाऱ्हाणे यंत्राचे होते आणि 'ख'चे गाऱ्हाणे वाचकाचे होते. अक्षराचे खरे गिऱ्हाईक कोण, हे विसरले की शहाणी माणसेसुद्धा चुकतात.

शिक्षकांनो, हे गिऱ्हाईक रोज आपल्यासमोर बाकावर बसते. पहिलीतले पोर विचारते, 'गुरुजी, पुस्तकातला ल वेगळा आणि मोबाईलमधला ल वेगळा का?' आपण म्हणतो, 'गप्प बस, दोन्ही एकच.' पण त्याची तक्रार खरी आहे. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श ही आपली वळणे आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ साली ती प्रमाण म्हणून ठरवून दिली. संगणकातल्या आणि मोबाईलमधल्या अनेक अक्षरसंचांत मात्र हिंदीचा दंडाचा ल दिसतो. जे पोर अजून अक्षराची ओळख करून घेत आहे, त्याला हा फरक बोचतो; आपल्याला बोचत नाही, कारण आपली ओळख केव्हाच झाली आहे. म्हणून शाळेसाठी तक्ता छापून घेताना छापखान्याला निक्षून सांगा, की आम्हांला मराठी वळणाचा ल आणि श हवा. आणि तक्ता भिंतीवर लावला, की शेवटच्या बाकावर स्वतः बसून तो वाचून पाहा. ज्याची नजर अधू आहे, अशा मुलाकडून वाचून घ्या. 'छान दिसतो का' असे विचारू नका. 'वाचून दाखव' म्हणा.

छापून घेणाऱ्यांनाही माझे एक सांगणे आहे. छापखान्यात जाऊन 'हे मोठं करा, ते लाल करा' असे सांगण्याऐवजी, कुठे अडले ते सांगा. कोण वाचणार, कुठे उभे राहून वाचणार, किती उजेडात वाचणार आणि चुकीचे वाचले तर काय होईल, हे सांगा. आणि करणाऱ्याने गाऱ्हाणे ऐकताना मनाला लावून घेऊ नये. माझ्या मनाला लागले होते. मी विद्यार्थ्याचे ऐकून त्या गोदामात गेलो नसतो, तर रागारागाने तिसरा तक्ता आणखी मोठ्या अक्षरात छापून मोकळा झालो असतो. आणि तो एक आणि तो नऊ आणखी मोठे होऊन भिंतीवर बसले असते.

गेल्या हंगामात मी त्या गोदामात पुन्हा गेलो होतो. तक्ता जागेवर होता. तळाशी कोणीतरी कोळशाने एक ओळ लिहिली होती : 'हात धुतल्याबिगर भाकर खाऊ नका.' अक्षर वाकडेतिकडे, पण लांबूनही स्वच्छ वाचता येत होते. ती ओळ आमच्याकडून राहून गेली होती. पुढच्या छपाईत आम्ही ती जशीच्या तशी घातली आहे. 'बिगर'चे 'शिवाय' केले नाही.